ओट्यावरची निवड समिती

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डोळ्यांचे जरा निघाले होते, आता ठीक आहे.

आमच्या मानवतला एक क्रिकेटची निवड समिती आहे. तिला कोणी नेमलेले नाही, त्यामुळे तिला कोणी बरखास्तही करू शकत नाही. मोंढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक कायमचे बंद पडलेले दुकान आहे, त्याच्या ओट्यावर ती दिवेलागणीच्या आधी बसते. सदस्य पाच. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेले (त्यांना आम्ही बँकवालेच म्हणतो), एक शेटजी, ज्यांनी कापसाची अडत आता मुलाच्या हाती दिली आहे, आणि चौथा मी. पाचवा माझा एकेकाळचा विद्यार्थी. कोरडवाहू शेती करतो, आता पंचावन्नच्या घरात आहे, पण आम्हा म्हाताऱ्यांत तोच पोरगा! त्याचे नाव इथे दिलेले त्याला आवडणार नाही. डाव्या हाताने फिरकी टाकायचा, म्हणून त्याला डावखुरा म्हणू.

समितीचे काम एकच. रणजीचा मोसम सुरू व्हायच्या आधी महाराष्ट्राचा संघ ठरवायचा. पाठकोऱ्या लग्नपत्रिकेवर नावे लिहिली जातात. अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे. "सर, तुम्ही लिव्हा" म्हणतात आणि मग एकाही नावावर एकमत होऊ देत नाहीत!

नव्या पिढीला हे सगळे विनोदी वाटते. माझा नातू म्हणतो, आजोबा, रणजी कोण बघतं? त्याचा संघ चेन्नई, कारण आपला ऋतुराज गायकवाड २०२४ साली तिथे कर्णधार झाला. मी म्हणतो, बाबा रे, तो संघ लिलावात विकत घेतलेला. आमचा संघ कसाही असला तरी आमच्या मातीतला.

आता हे 'मातीतला' प्रकरणही तसे गुंतागुंतीचेच. आपल्या राज्यात रणजीचे तीन संघ. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबईने २०२३-२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा चषक नेला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा नेला. आणि ज्या संघाच्या नावात सगळा महाराष्ट्र आहे, त्या आमच्या संघाकडे काय? १९३९-४० आणि १९४०-४१. बस्स! दोन्ही वेळा कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवायचे, पन्नाशीला टेकले तरी शतके काढायचे आणि पुढे एकशे एक वर्षे जगले. आम्हा शिक्षकांच्या जमातीला एवढा एक अभिमान पुरे.

पण पोस्टमास्तर इथेही खोच काढतात. म्हणतात, "सर, देवधरांनी चषक जिंकला तेव्हा आपलं मानवत निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे हिशेबानं आपला संघ हैदराबाद. आणि हैदराबादनं त्याच्याही आधी, १९३७-३८ लाच रणजी जिंकली होती!" खरे आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. रेल्वेही आमची मनमाड-सिकंदराबाद. अर्धे तोंड तिकडे, अर्धे इकडे. म्हणूनच की काय, मराठवाड्याच्या माणसाला संघाची यादी आली की आधी एकच प्रश्न पडतो: आपल्याकडचा कोण आहे?

आणि आहेत की! संभाजीनगरचा (तेव्हाचे औरंगाबाद) इक्बाल सिद्दीकी २००१ साली मोहालीला इंग्लंडविरुद्ध एक कसोटी खेळला. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर भारताकडून खेळला, पण रणजीत तो रेल्वेचा. जालन्याचा विजय झोल २०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा तोच विश्वचषक जिंकून आला. बीडच्या सचिन धसने २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात ९६ काढल्या. आणि पैठणचा अंकित बावणे, ज्याच्यावरून आमच्या ओट्यावर जेवढी भांडणे झाली तेवढी भावकीच्या बांधावरूनही होत नसतील. परभणी जिल्ह्याचा रकाना मी पत्रिकेवर दरवर्षी मोकळा सोडतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे आम्ही, कधीतरी भरेलच.

संघ कागदावर जिंकतो आणि मैदानावर हरतो, हे मी विसाव्या वर्षी शिकलो. १९७०-७१ चा मोसम. परभणीला कॉलेजात होतो. महाराष्ट्र अंतिम फेरीत, समोर मुंबई. पण मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड असे सगळे मोहरे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला गेलेले. आमचा कर्णधार चंदू बोर्डे, त्यांचा सुधीर नाईक. खोलीतल्या आम्ही चौघांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहिल्या, गुण दिले, बेरीज केली आणि महाराष्ट्राला चषक देऊन टाकला. मुंबई ४८ धावांनी जिंकली. ती वही मी बरेच दिवस जपून ठेवली होती. गणितात मी कधीच हुशार नव्हतो, पण ती बेरीज मात्र बिनचूक होती!

पुढे १९९२-९३ ला पंजाबविरुद्ध अंतिम सामन्यात हरलो. २०१३-१४ ला तर कमालच झाली. केदार जाधवने मोसमात १२२३ धावा काढल्या, उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवले आणि अंतिम सामना चक्क हैदराबादला! शेटजींनी कापसाच्या पैशाचे निमित्त घरी सांगितले आणि मानवत रोडहून गाडीत बसले. कर्नाटक सात गड्यांनी जिंकले. शेटजी परत आले ते तीन दिवस ओट्याकडे फिरकले नाहीत. घरी मात्र "पैसे निघाले का?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागले ते वेगळेच.

अमेरिकेतला माझा भाचा शिकागोजवळ राहतो. त्याला मी हे फोनवर सांगत होतो तर तो म्हणाला, "मामा, इथेही अगदी हेच चालतं." तिथले बेसबॉलचे वेडे लोक म्हणे हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, आपल्या संघाची २६ जणांची यादी करत बसतात. कोणाचा खांदा दुखावला आहे, कोण म्हातारा झाला, कोणता पोरगा वर येतो आहे. फेब्रुवारीत संघ ॲरिझोनाच्या उन्हात सरावाला गेला की यांच्या चर्चेला ऊत येतो. त्यांचा शिकागो कब्ज नावाचा संघ १९०८ साली अजिंक्य झाला आणि त्यानंतर थेट २०१६ साली! मधली एकशे आठ वर्षे लोक एकच वाक्य म्हणत राहिले: पुढच्या वर्षी.

एकशे आठ! जपमाळेचे मणी. मी लगेच हिशेब केला. आमचा शेवटचा चषक १९४१ चा. म्हणजे तेवढीच माळ ओढायची तर २०४९ साल उजाडेल आणि मी अठ्ठ्याण्णव वर्षांचा असेन. देवधरांच्या हिशेबाने अजून तीन वर्षे शिल्लक राहतात. काही घाई नाही!

असो. थट्टा पुरे. मला सांगायचे आहे ते २०२५ च्या मोसमाबद्दल.

त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांत पाहिलाच असेल. नवरात्र बसले तरी थांबेना. नद्या-ओढे शेतात शिरले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात, कापसाची बोंडे झाडावरच काळी पडली. डावखुऱ्याचे शेत ओढ्याकाठी. सोयाबीन तर गेलेच, बांधाजवळची मातीही वाहून गेली. आठ-दहा दिवस तो दिसला नाही. आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, तसाच ओट्यावर टेकला. आम्हाला काय बोलावे ते सुचेना. बँकवाल्यांनी पंचनाम्याचे विचारले, तो म्हणाला, "झाला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, औंदा आपल्याकडचं कोन हाय संघात?"

मी पत्रिका काढली. दुसरे काय करणार?

त्या वर्षी वादाला विषयही जबरदस्त होता. मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला होता. वर्षानुवर्षे केरळकडून खेळलेला, मूळचा मध्य प्रदेशचा जलज सक्सेनाही आला होता. ऋतुराज होता. आणि कर्णधार अंकित बावणे. पैठणचा कर्णधार म्हटल्यावर डावखुऱ्याचा चेहरा जरा उजळला. त्याचे म्हणणे, २०१६ साली स्वप्नील गुगळे आणि अंकितने दिल्लीविरुद्ध वानखेडेवर ५९४ धावांची भागी केली, गुगळे नाबाद ३५१, अंकित नाबाद २५८, एवढे करून पोराला भारताची टोपी मिळाली नाही, निदान कर्णधार तरी केला.

मी त्याला भाऊसाहेब निंबाळकरांचे सांगितले. १९४८ चा डिसेंबर. मराठवाडा मुक्त होऊन तीनच महिने झालेले. पुण्यात काठियावाडविरुद्ध निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला फक्त नऊ धावा कमी. आणि उपाहाराला काठियावाडने सामनाच सोडून दिला! त्यांनाही कसोटी खेळायला मिळाली नाही. "म्हणजे ही आपली परंपराच हाय म्हना की," डावखुरा म्हणाला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसला.

पोस्टमास्तरांना बाहेरचे गडी मंजूर नव्हते. "आपली पोरं काय पाणी आणायला ठेवलीत का?" असा त्यांचा सवाल. बँकवाल्यांचे म्हणणे, चषक पाहिजे असेल तर अनुभव घ्यावा लागतो, विदर्भाने वसीम जाफरला आणले आणि २०१७-१८ ला पहिला चषक जिंकलाच ना? आवाज चढले. शेटजींनी मध्येच सगळ्यांना चहा सांगितला. मी यादीत जलजचे नाव लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

तेव्हा डावखुरा हळूच म्हणाला, "सर, यक नाव आत आलं की यक भायेर जातंय. ज्याचं गेलं त्याला सांगतंय कोन?"

बाकीच्यांनी मान डोलावली आणि वाद पुढे चालू झाला. माझा हात मात्र तिथेच थांबला.

आता जे लिहितो ते घरातही कोणाला सांगितलेले नाही.

१९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो तिथे क्रिकेटचा संघ परभणीला न्यायचा होता. खेळाचे शिक्षक रजेवर, म्हणून काम माझ्याकडे आले. पोरे चौदा, एसटीच्या भाड्याचे पैसे बारा जणांचे. दोघांना वगळायचे होते. एकाला वगळणे सोपे होते, त्याला ताप होता. दुसरे नाव कोणते? डावखुरा तेव्हा नववीत. वस्तीवरून अनवाणी चालत यायचा. चेंडू असा फिरवायचा की आमचे मोठे पोरही चाचपडायचे. संघात त्याची जागा पक्की होती. पण एका पोराच्या वडिलांनी त्याला नवी बॅट आणि पॅड आणून दिले होते. शाळेकडे धड बॅट नव्हती. तो पोरगा नाही तर बॅट नाही. गल्लीत बॅटवाला पोरगा आधी खेळतो ना, तोच नियम मी, बी. ए. झालेला मास्तर, शाळेला लावला. संध्याकाळी फळ्यावर यादी लिहिली आणि घरी गेलो. डावखुऱ्याला बोलावून सांगितले नाही. सांगायचा धीर झाला नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी पहाटे एसटी स्टँडवर गेलो तर तो उभा. नीळ दिलेला पांढरा सदरा घातलेला. यादी त्याने वाचली होती. कोणी आलेच नाही तर, म्हणून आला होता. बाराही जण आले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "पुढच्या वर्षी." गाडी सुटली. आम्ही पहिलाच सामना हरून दुपारच्या गाडीने परत आलो.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे वडील गेले आणि त्याची शाळा सुटली.

शिक्षकाच्या हातून अशा याद्या पुष्कळ होतात. हा पहिल्या वर्गात येईल, हा काठावर, याचे काही खरे नाही. जूनमध्ये हजेरीपट फिरवतानाच मी मनात संघ निवडून मोकळा होत असे आणि आपली पारख चांगली आहे असे मला वाटायचे. पण ओट्यावर आम्ही चुकलो तर कोणाचे काही बिघडत नाही. पृथ्वी शॉला आमची पत्रिका दिसत नाही. शाळेतला फळा मात्र पोरे वाचत होती. 'पुढच्या वर्षी' हे शब्दही तसेच. हरलेल्या संघाचा माणूस ते म्हणतो तेव्हा त्यात आशा असते, कारण त्याला पुढचे वर्ष मिळणारच असते. नावे लिहिणारा माणूस वगळलेल्याला तेच शब्द म्हणतो तेव्हा तो फक्त स्वतःची सुटका करून घेत असतो.

१५ ऑक्टोबरला तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध पहिला सामना सुरू झाला. वसुबारस दोन दिवसांवर आलेली. सकाळीच डावखुऱ्याचा फोन, "सर, ओट्यावर या, लवकर या." गेलो तर सगळे त्याच्या मोबाइलवर वाकलेले. महाराष्ट्र शून्यावर तीन बाद! शॉ शून्य. मग पाचावर चार. चौथा कोण? अंकित बावणे, तोही शून्य. थोड्या वेळाने अठरावर पाच.

आम्ही महिनाभर भांडून ठरवलेली फलंदाजी अशी तासाभरात निघून गेली. पोस्टमास्तरही काही बोलेनात. ओट्यावर अशी शांतता मी दहाव्याच्या घाटावरच पाहिली आहे. डावखुऱ्याने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "सोयाबीन बी असंच गेलं. पर रब्बी तर पेरावंच लागतंय."

मग ऋतुराज उभा राहिला. आणि त्याच्या जोडीला कोण, तर जलज सक्सेना. ज्याचे नाव मी खोडून पुन्हा लिहिले होते तोच. ज्या केरळसाठी इतकी वर्षे घाम गाळला, त्यांच्याच घरी त्यांच्याविरुद्ध खेळत होता. ऋतुराज ९१, जलज ४९. धावा झाल्या २३९. केरळला २१९ वर गुंडाळले. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावात वीस धावांची आघाडी आमची! पोस्टमास्तर म्हणाले, "गडी चांगला आहे, बाहेरचा असला तरी." त्यांच्याकडून याहून मोठी कबुली मिळत नाही. पुढच्याच सामन्यात शॉने चंडीगडविरुद्ध २२२ काढल्या आणि बँकवाल्यांनी आम्हा सर्वांना भजी खाऊ घातली.

चषक मात्र याही मोसमात आला नाही.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी बाकीचे उठून गेल्यावर मी डावखुऱ्याला थांबवले. चाळीस वर्षे तोंडात धरलेले एकदाचे बोललो. म्हणालो, "परभणीच्या संघात तुझी जागा होती. मी बॅटसाठी तुला काढलं. आणि सांगितलंही नाही."

तो जरा वेळ मोंढ्याकडे बघत बसला. मला वाटले, म्हणेल, जाऊ द्या सर, ध्यानातही नाही. तसे तो म्हणाला नाही.

"ध्यानात हाय सर," तो म्हणाला. "नीळ लई झाली व्हती सदऱ्याला. माय म्हनली, परभनीला जायचं तर जरा उठून दिसावं."

एवढेच. मग त्याने चप्पल पायात सरकवली आणि उठताना म्हणाला, "उद्या जलजची बॉलिंग हाय. दहाला या."

क्षमा मिळाली की नाही, मला अजून सांगता येत नाही. तो दुसऱ्या दिवशी दहाला आला होता, आणि मीही.

आता पत्रिकेत मी एक बदल केला आहे. अकरा नावे लिहून झाली की खाली एक रेघ ओढतो आणि ज्यांना वगळले त्यांचीही नावे लिहितो, कारणासकट. समितीला आधी हे फार वेळखाऊ वाटले. "सर, हे कोण वाचणार?" पोस्टमास्तरांनी विचारले. डावखुरा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. लिव्हू द्या सरांना."

परभणीचा रकाना अजून मोकळाच आहे. पुढच्या वर्षी बघू.